गेज तेच, तरी नेक हलली: फ्लॅटवाउंड चढवल्यानंतरच्या नोंदी

पी-बेसवरच्या (फेंडरची प्रिसिजन बेस गिटार) राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारा शेवटी उतरवल्या. मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीच्या गाण्यांतल्या बेसलाइन्स वाजवायच्या तर फ्लॅटवाउंडच हव्यात, यावर आता माझ्यापुरता वाद मिटलाय. गेज, म्हणजे तारांची जाडी, मुद्दाम तेच घेतलं, 45-65-80-100 (इंचाचे हजारांश). ‘गेज तेच असलं की सेटअपला (नेकचा बाक, तारांची उंची यांच्या जुळणीला) हात लावावा लागत नाही,’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं काही नसतं.

पाकिटावरचा आकडा जाडीचा असतो, ताणाचा नाही. ताण ठरतो तारेची लांबी, सूर आणि दर इंची वजन यांवर. 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि मोकळ्या ई तारेचे (सर्वांत जाड तार) 41.2 हर्ट्झ बदलत नाहीत. बदलतं ते वजन. फ्लॅटवाउंडवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, वेढ्यांमध्ये फटी जवळपास राहत नाहीत आणि तेवढ्याच जाडीत धातू जास्त बसतो. वजनाबरोबर ताण वाढतो आणि नेक, म्हणजे गिटारची मान, पुढे वाकते. अर्थात सगळ्याच फ्लॅटवाउंड कडक नसतात. थॉमास्टिक कंपनीचा जाझ फ्लॅट्स संच (43-56-70-100) तर सैलपणासाठीच ओळखला जातो. कडक संचावरून तो चढवलात तर नेक उलट मागे जाईल आणि पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा खडखडायला लागतील.

आता मोजमाप. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) बघायची. ही फट म्हणजेच नेकचा बाक. (दुचाकीचे टॅपेट सेट करायला गॅरेजवाले वापरतात तेच गेज. स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतं, संगीताच्या दुकानात महाग.) जुन्या तारांवर फट 0.30 मिमी होती. नव्या चढवून सुरात आणल्यावर लगेच 0.40. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरात आणून पाहिलं, तर 0.50. लाकडाला वेळ लागतो, म्हणून पहिल्या तासातल्या आकड्यावर मी पाना उचलत नाही. सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंचीही 2.4 वरून 2.7 मिमी झालेली.

इथे हात आपसूक ब्रिजकडे जातो. सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली घेतले की अ‍ॅक्शन (तारांची उंची) कमी झाल्यासारखी वाटते खरी, पण नेकचा बाक तसाच राहतो. मग वरच्या फ्रेट्सवर सूर दबतो आणि मधल्या फ्रेट्सवर तार उंचच लागते. आधी ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई), मग सॅडल, शेवटी इंटोनेशन (सगळ्या फ्रेट्सवर सूर नेमका लागणं). हा क्रम मी मोडत नाही. तारा थोड्या सैल केल्या, अ‍ॅलन की घड्याळाच्या दिशेने पाव फेरी, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात आणून रात्रभर ठेवली. सकाळी 0.35.

साडेनऊ इंची रेडियसला (फिंगरबोर्डच्या गोलाईला) फेंडर सुमारे 0.30 सुचवतं. पण माझा उजवा हात जड आहे, आणि 0.35 वर ई तार जोरात ओढली तरी कुठे घासत नाही. तिथेच थांबलो. उंची 2.4 वर आणली, ई तारेचं सॅडल किंचित मागे सरकवलं. गेज तेच असल्यामुळे नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कोरायची वेळ आली नाही, एवढा मात्र फायदा झाला.

ड्रॉप-डी (फक्त ई तार एक सूर खाली) वाजवणाऱ्यांसाठी: ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या पटीत बदलतो, त्यामुळे ई उतरवून डी केली की त्या तारेचा ताण साधारण 20 टक्क्यांनी घटतो. चारही तारा कायम अर्धा सूर उतरवत असाल तर 11 टक्के. जे ट्यूनिंग वाजवणार त्याच ट्यूनिंगमध्ये सेटअप करा.

मोटाउनचे बेसवादक जेम्स जेमर्सन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड लावायचे आणि सहसा बदलायचेच नाहीत. सुखी माणूस!

आता ‘जी’ (G, सर्वांत बारीक) तार पंधराव्या फ्रेटच्या पुढे जरा दबकी वाजतेय. ती नेकमुळे की त्या फ्रेटमुळे, हे फ्रेट रॉकर (वर आलेलं फ्रेट दाखवणारी छोटी सरळ पट्टी) लावून बघायचंय. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की आठव्या फ्रेटवरची फट पुन्हा मोजून आकडा इथेच टाकतो.