दुधी होता, बटाटा नव्हता: रायखेनाऊ बेटावर

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झहून सायकल काढली, की पॉप्लरच्या रांगांमधला बांधावरचा रस्ता थेट रायखेनाऊ बेटावर नेतो. बेटावर जिकडेतिकडे काचेची हरितगृहं: टोमॅटो, काकड्या, ढोबळी मिरची. मला मात्र बघायचा होता बाराशे वर्षांपूर्वीचा मळा.

८३८ साली इथल्या मठाचा अधिपती झालेल्या वालाफ्रिड श्ट्राबोने बागकामावर ४४४ ओळींची लॅटिन कविता लिहिली. तिच्यातल्या वनस्पती लावून बेटावरच्या मिटेलझेल गावातल्या चर्चजवळ छोटी बाग केली आहे. बरेचसे वाफे औषधीच: सेज, पुदिना, बडीशेप. पण मुळाही आहे, आणि चक्क दुधी! तीच लव असलेली मऊ पानं, तेच आधार शोधणारे ताणे. कोवळा दुधी चिरून चरबीत परतावा, जून झाला की पोखरून त्यात वाइन ठेवावी, असं कवी सांगतो. त्याच जातीच्या जून भोपळ्याचे मिरजेत तंबोरे होतात.

लाल भोपळा, बटाटा, टोमॅटो, मिरची, मका आणि फरसबी मात्र १४९२ नंतर अमेरिकेतून आली. त्याआधी युरोपातल्या शेंगा म्हणजे मुख्यतः बाकला, वाटाणा, चवळी.

‘मध्ययुगात युरोपात भाजी कोण खात होतं?’ असं बेधडक म्हणतात, ते मला पटत नाही. श्रीमंतांच्या पाककृतींच्या वह्यांत मांसच जास्त दिसणार. रोजची कोबी कोण कशाला लिहून ठेवेल? संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी घालून दिलेल्या नियमानुसार धडधाकट भिक्षूंना चतुष्पाद प्राण्यांचं मांस वर्ज्य होतं. जेवणाला शिजवलेले दोन पदार्थ, आणि फळं किंवा कोवळ्या भाज्या मिळाल्या तर तिसरा. मग मळ्याशिवाय भागणार कसं?

त्याचा कागदोपत्री, खरं तर चर्मपत्री, पुरावा स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालनच्या ग्रंथालयात आहे. साधारण ८२० च्या सुमारास रायखेनाऊतच काढलेला हा आदर्श मठाचा आराखडा. मी त्याची प्रतिकृती निवांत वाचत बसलो. भाजीमळ्याचे १८ वाफे, प्रत्येकावर नाव: कांदा, लसूण, लीक, बीट, कोबी, लेट्यूस, पार्सनिप. आणि कोथिंबिरीला अगदी खेटून शेपू. आमच्या घरी शेपू शिजला की निम्मी पंगत नाक मुरडते. इथे त्याला पूर्ण वाफा दिलाय.