मालवणात मटणाची खानावळ!

मालवणात मटणाची खानावळ काढतो म्हटल्यावर चुलत्यांनी हातच जोडले. "अरे, हयसर माणूस येता ता सुरमई खाऊक. तुझा मटाण कोण खातलो?" बोलणं खोटं नव्हतं. पण मटणाचं दुकान वडिलांच्या वेळचं, आणि गिऱ्हाईकंच म्हणायची, "कापून देतस, मगे शिजवन कित्याक देणस नाय?" मागची पडवी झाडून चार टेबलं मांडली, वाटप आणि वडे आईने हातात घेतले. परवान्यांसाठी घातलेले हेलपाटे सांगत बसत नाही.

आमच्याकडे जेवण ठरतं ते चुलीपाशी नव्हे, मटण तोडायच्या चिंचेच्या ओंडक्यावर. बाहेरून सगळ्या भागांचं मिसळ मटण आणून एकाच टोपात शिजवलं की मांडीचे तुकडे कोरडे पडतात आणि मानेचे चिवट राहतात. मी सकाळीच वेगळं काढतो. सीना (छाती), गर्दन (मान) नि चापा (बरगड्या) रश्श्याला. हाडं-चरबीमुळे रश्श्याला अंग येतं. मांडी सुक्याला. नळ्या बाजूला, कारण नळीवरून पंगतीत भांडणं होतात, खोटं नाही सांगत. पाया आचेवर भाजून, केस खरवडून रात्रभर मंद विस्तवावर. वजडी, म्हणजे बोकडाचं पोट, कढत पाण्यात बुडवून काळी साल निघेपर्यंत सुरीने खरवडायची; हे काम अजून मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. वास राहिला तर मसाला कितीही घाला.

पंचवीस किलोच्या बोकडातून निम्म्याच्या आतच मटण पडतं, त्यात कलेजी जेमतेम अर्धा किलो. म्हणून आमची कलेजी पहिल्याच पंगतीत संपते. पर्यटक रुसतात, "फ्रीजमध्ये नाही का?" म्हणतात. नाही. बोकड शक्यतो जिल्ह्यातलेच घेतो. कोकण कन्याळ जातीचं मिळालं तर बरंच: काळं अंग, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन पांढरे पट्टे. दर ऐकून मात्र घाम फुटतो.

धंद्याला खरा हात दिला तो समुद्राने. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, बाजारात ताजं म्हावरं कमी, त्यामुळे सुरमईवाले आमच्या पडवीत येऊ लागले. पुढे गटारीला तर बसायला जागा नसते. तेच चुलते त्या दिवशी गल्ल्यावर बसतात नि उधारी कुणाला देत नाहीत.

श्रावणात खानावळीला कुलूप. गौरीपूजनाला फक्त दुकान पहाटे उघडतो, कारण ज्यांच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो त्यांना मटण घरी शिजवायचं असतं. एरवी सोमवार, गुरुवार नि संकष्टी बंद. पाया हवा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.