टेबल सॉ, जिग आणि आमचा पावसाळा

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापायचं मशीन, घेतल्यापासून लोक विचारतात आता काय बनवणार, कपाट की दिवाण, आणि मी सांगतो सध्या जिग बनवतोय, लाकूड नीट धरून कापायचे साचे, म्हणजे कपाट बनवायला जे लागतं ते आधी बनवतोय, की समोरचा गप्पच होतो. शेजारचे मेस्त्री तर म्हणाले, "झिला, लाकूड कापूक आणि एक लाकूड?" पण त्यांच्याच भिंतीला खुर्चीच्या हाताचे, पाटाच्या पायाचे फर्मे खिळ्याला लटकलेले आहेत, तेव्हा त्यांचं फार मनावर घ्यायचं नाही.

सुरुवात क्रॉसकट स्लेडने, म्हणजे लाकूड वर ठेवून काटकोनात आडवं कापायच्या सरकत्या पाटाने, करा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. प्लायचा सपाट पाट, खाली टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या दोन पट्ट्या, वर पुढे-मागे एकेक आडवी फळी, बस. व्हिडिओत हे अर्ध्या तासात होतं, पण ते व्हिडिओ करणारे वेंगुर्ल्यात राहत नाहीत ना. आमच्याकडे मे महिन्यात सुळसुळ चालणारी सागाची पट्टी जुलैत खाचेत अशी फुगून बसते की स्लेड ढकलायला दोन माणसं लागावीत, आणि उन्हाळ्यात तीच ढिली पडून डुगडुगते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं, आणि ही पट्टी नेमकी रुंदीतच अडकते.

म्हणून पट्ट्या मी भाजी कापायच्या पांढऱ्या जाड प्लास्टिक बोर्डाच्या काढल्या. ते पाणी पीत नाही आणि घसरतंही छान. बऱ्याच मशीनवर खाच १९ मिमी रुंद आणि साधारण साडेनऊ खोल असते, पण छोट्या स्वस्त मशीनचा भरवसा नाही, आधी मोजा. खाचेत रुपयाची नाणी टाकून पट्टी वर उचलायची, वर डबल टेप, मग पाट अलगद ठेवून दाबायचा, उलटा करायचा आणि स्क्रू मारायचे. फेव्हिकॉल ह्या प्लास्टिकला धरत नाही. आणि स्क्रूसाठी आधी भोक पाडा, नाहीतर स्क्रूपाशी पट्टी फुगते आणि नेमकी तिथेच घासते. पाटाला १२ मिमी मरीन प्लाय, एमडीएफ नको, त्याच्या कडा आमच्या हवेत पावासारख्या फुगतात. चपड्याचं पॉलिश दोन्ही बाजूंना, एकाच बाजूला मारलं तर पाट वाकतो. खालून मेणबत्ती घासा. मशीनच्या बिडाच्या टेबलालाही मेण लागतंच, खाऱ्या वाऱ्यात त्यावर दोन दिवसांत तांबूस डाग दिसायला लागतात.

आता खरी मजा म्हणजे काटकोन. गुण्या लावून फळी बसवली तरी बारीक चूक राहतेच, डोळ्याला दिसत नाही इतकी. त्यावर पाच कापांची युक्ती आहे. एक चौकोनी तुकडा घ्या, एक बाजू कापा, कापलेली कड फळीला टेकवून पुढची कापा, असं चारही बाजू फिरवा, आणि पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची इंचभर पट्टी काढा. त्या पट्टीची दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजा. फरकाला चारने भागलं की पट्टीच्या लांबीमागे चूक किती ते कळतं, कारण चूक प्रत्येक फेरीत साठत गेलेली असते. समजा पट्टी ४०० मिमी लांब आणि फरक ०.८ मिमी, तर चूक ४०० मागे ०.२. मग फळीचा एक स्क्रू खुंटीसारखा तसाच ठेवायचा आणि दुसरं टोक सरकवायचं. ते टोक खुंटीपासून ६०० मिमीवर असेल तर ०.३ सरकवायचं. एवढं बारीक सरकवायला गॅरेजवाल्यांकडचा फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पोलादी पानं) मस्त, पान फळी आणि एका ठोकळ्याच्या मध्ये धरून ठोकळा क्लॅम्प करा, पान काढा, फळी ठोकळ्याला टेकवा, संपलं. मला हे गणित स्लेडपेक्षा जास्त आवडलं हे खरं.

फळीच्या मागे जिथून ब्लेड बाहेर येतं तिथे जाड ठोकळा चिकटवा, अंगठा बरोब्बर तिथेच जातो. आणि स्लेड नसताना मायटर गेजने (खाचेत सरकणारा कोनाचा आधार) आडवं कापताना तुकडा त्याच वेळी फेन्सलाही (ब्लेडला समांतर बसवलेला सरळ आधार) टेकवायचा मोह होतो, तो टाळा, सुटा तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मधे अडकतो आणि दगडासारखा अंगावर येतो.

बॉक्स जॉइंटची, म्हणजे दोन फळ्यांचे दाते एकमेकांत बसवायच्या सांध्याची, जिग आता ह्याच स्लेडवर बसवली आहे, फणसाच्या लाकडाच्या ट्रेसाठी. आधी कापलेली खाच जिच्यावर बसवून पुढची कापायची ती खुंटी ब्लेडच्या कापाएवढीच जाड, आणि ब्लेड ते खुंटी अंतरही तेवढंच. सांधा ढिला आला तर खुंटी केसभर लांब, घट्ट आला तर केसभर जवळ. फणसाचा पिवळा भुसा सगळ्या अंगणात झालाय आणि आई रोज विचारते ट्रे कधी होणार. टेपर जिग (निमुळतं कापायची) गणपतीनंतर, कारण त्याचे टॉगल क्लॅम्प (लाकूड दाबून धरणारे खटक्याचे चाप) इथे मिळत नाहीत, कोल्हापूरला कुणी जाणारा बघतोय.