सजवलेल्या गाड्या बघायला ह्यूस्टनला कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आपणहून मी हा विषय काढत नाही. लेकीकडे ह्यूस्टनला जाऊन आलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नासा पाहिलंत का?" पाहिलं. "मग अजून काय पाहिलंत?" मी म्हणते, सजवलेल्या मोटारगाड्यांचं एक छोटं म्युझियम. समोरचा चेहरा लगेच पडतो. "सजवलेल्या गाड्या? अहो, त्यासाठी अमेरिकेत कशाला जायचं? मार्केट यार्डाच्या दारात उभ्या राहा. ट्रकच ट्रक. तिकीट नाही, व्हिसा नाही."

तिकीट तिथेही नव्हतं, एवढं आधीच सांगून टाकते.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात नोकरी गेली. त्यामुळे मार्केट यार्डातले ट्रक मला कुणी दाखवायला नकोत. फाळक्यावरचं कमळ, समोरासमोर बसवलेले मोर, केबिनवरचं देवाचं नाव, लाल अक्षराला दिलेली पिवळी कड आणि काळी सावली, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलंय. ट्रक रंगवणाऱ्या पेंटरचा हात बघण्यासारखा असतो. खडूची एक फिकट रेघ मारतो आणि पुढे सगळं अंदाजाने, पण एक अक्षर दुसऱ्यापेक्षा जाड होत नाही. इंटरमीजिएटला ए ग्रेड घेतलेली माझी मुलं त्याच्यापुढे उभी राहिली नसती.

तरीही ह्यूस्टनला जे पाहिलं ते मार्केट यार्डात दिसत नाही.

आधी जागा सांगते. ह्यूस्टनमध्ये हाइट्स नावाचा जुना, झाडांचा भाग आहे. तिथल्या हाइट्स बुलेवार्डवर हे 'आर्ट कार म्युझियम' होतं. इमारत लहानशी, पण दर्शनी भाग भंगारातल्या धातूचा आणि क्रोमच्या चकचकीत पत्र्यांचा, वर मनोरे. डेव्हिड बेस्ट नावाच्या कलावंताने तो केलेला. हा माणूस स्वतः गाड्या सजवणारा. गावातले लोक त्या इमारतीला लाडाने 'गॅराज महाल' म्हणत. लांबून बघितल्यावर आमच्या जावयांनी विचारलं, "आई, नक्की हेच का? की हे स्पेअर पार्टचं दुकान आहे?" त्यांना त्या दिवशी मॉलमध्ये जायचं होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

आत मोजक्याच गाड्या. काही काळाने बदलायच्या. भिंतींवर ह्यूस्टनच्या आणि आसपासच्या चित्रकारांची कामं, त्यांतली काही चांगली, काही मला अजिबात न कळलेली. खरा माल जमिनीवर उभा होता. आणि तिथे दोरी बांधून तुम्हाला लांब ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे मला जे बघायचं होतं ते मी मनसोक्त बघितलं: हे सगळं चिकटवलंय कशाने?

हसू नका. चित्रकलेच्या शिक्षिकेला पहिला प्रश्न हाच पडतो. कोलाज करायला दिला की वर्गातली निम्मी मुलं खळीने हात बरबटून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कागदावरचे मणी बाकाखाली सापडायचे. इथे तर मणी, आरशाचे तुकडे, प्लॅस्टिकची खेळणी गाडीच्या गोल, गुळगुळीत, तापणाऱ्या पत्र्यावर बसवायची आणि गाडी हायवेवर न्यायची. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक मण्याभोवती सिलिकॉनची बारीक कड. ते वाळलं तरी रबरासारखं थोडं लवचीक राहतं. पत्रा उन्हात फुगला, हादरा बसला, तरी ते ताण सोसतं. कडक वाळणारा गोंद असता तर तडकला असता. जड वस्तू मात्र स्क्रू आणि रिव्हेटने बसवलेल्या. रंगही विचार करून निवडावे लागतात, कारण टेक्सासच्या उन्हात स्वस्त लाल प्लॅस्टिक गुलाबी पडतं. एका कोपऱ्यात तसं पडलेलं दिसलंही, आणि मालकाने ते तसंच ठेवलं होतं. मला तो कोपरा सगळ्यात आवडला.

"या गाड्या चालतात का?" मी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "चालतात म्हणूनच तर आर्ट कार." चालणारी गाडी म्हणजे दिवे झाकायचे नाहीत, समोरची काच मोकळी हवी, दार उघडायला हवं. म्हणजे नियम पाळून केलेला वेडेपणा. या कलेतलं सगळं अवघड काम याच अटीत आहे.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगते. १९८४ साली ह्यूस्टनच्या 'लॉनडेल' या कलाकेंद्रात अॅन हरिथास यांनी 'कोलिजन' नावाचं प्रदर्शन भरवलं, त्यात सजवलेली मोटार मांडली होती. त्याच वर्षी जॅकी हॅरिस या चित्रकार बाईंनी एका जुन्या फोर्डवर प्लॅस्टिकची फळं चिकटवून 'फ्रूटमोबिल' केली. १९८८ मध्ये अशा गाड्यांची पहिली परेड निघाली, ४० गाड्यांची. आता तिथे अडीचशेच्या घरात गाड्या येतात. पुढे अॅन आणि त्यांचे पती जेम्स यांनी १९९८ च्या फेब्रुवारीत हे म्युझियम उघडलं. जेम्स तिथल्या समकालीन कलेच्या मोठ्या म्युझियमचे एके काळचे संचालक. म्हणजे 'मोठी कला' कोळून प्यायलेला माणूस हा उद्योग करत होता.

ही मंडळी नुसती गमतीजमतीची नव्हती, हेही सांगायला हवं. २००१ च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी, इथे अमेरिकेच्या छुप्या युद्धांवर 'सीक्रेट वॉर्स' नावाचं प्रदर्शन चालू होतं. तेव्हा एफबीआय आणि सीक्रेट सर्व्हिसची माणसं चौकशीला येऊन गेली होती. फळं लावलेल्या गाड्यांच्या घरात एफबीआय! हे वाचल्यावर त्या क्रोमच्या मनोऱ्यांबद्दल माझा आदर वाढला.

आता तुमच्या मार्केट यार्डाकडे येते. आपला ट्रक पेंटर दुसऱ्याची गाडी रंगवतो, मजुरी घेऊन, ठरलेल्या रिवाजाने. त्यात कसब आहे, पण काय रंगवायचं हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. आणि आपल्या गाडीवरच्या सजावटीला बहुतेक वेळा काम नेमून दिलेलं असतं. लिंबू-मिरची दृष्ट काढायला, काळी बाहुली त्याचसाठी, मागे लटकवलेली जुनी चप्पलही त्याचसाठी. दसऱ्याला झेंडूची माळ हे पूजन असतं. पालखीचा रथ फुलांनी मढतो ती सेवा. 'हॉर्न ओके प्लीज'सुद्धा मागच्यासाठी सूचनाच. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ते लिहायला बंदी आली, कारण लोक ती सूचना फार मनापासून पाळत होते. पुणेकराला हॉर्न वाजवायला लेखी परवानगी कशाला हवी?

तिकडचा आर्ट कारवाला स्वतःची गाडी स्वतः सजवतो, आणि ती सजावट कशासाठीच नसते. ना दृष्ट, ना देव, ना जाहिरात. याच गाडीने तो सोमवारी ऑफिसला जातो. इथवर मी जावयांना सांगत होते, तेव्हा त्यांनी फार मोलाचा प्रश्न विचारला. एका गाडीच्या बॉनेटकडे बघत म्हणाले, "पण आई, याची रिसेल व्हॅल्यू काय?"

शून्य. आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. बॉनेटवर पहिला मणी चिकटवला त्या क्षणी त्या माणसाने ठरवलं की ही गाडी आता विकायची नाही. आपण गाडी घेतो तीच विकायच्या बेताने. रंग पांढरा, कारण पांढरी विकायला सोपी. सीटवरचं प्लॅस्टिक वर्षभर निघत नाही. मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहितो तेही रेडियममध्ये, म्हणजे पुढच्या मालकाला खरवडता येईल. आमच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या, चंदेरी आणि करड्या गाड्या ओळीने उभ्या असतात. सगळ्या जणू आधीच दुसऱ्याच्या झालेल्या.

कायद्याची अडचण आहे, हे मला मान्य आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, आणि रंग बदलला तर आरसी बुकात नोंदवावा लागतो. 'ज्याचा रंग एक नाही' अशा गाडीची नोंद आरटीओतला कारकून काय करणार, हे मला बघायला आवडेल. पण कायदा मधे आला म्हणून कुणी थांबलंय असं पुण्यात मी तरी पाहिलेलं नाही. चार-एक-चार-एक हे आकडे वळवून त्यांचा 'दादा' करणारी पोरं दंड भरतात आणि पुन्हा तशीच पाटी लावतात. म्हणजे हौस आहे, जोखीम घ्यायची तयारीही आहे. ती सगळी एका नंबरप्लेटवर खर्च होते, याचं मला वाईट वाटतं.

ह्यूस्टनमध्येच हे का फोफावलं, असंही कुणी कुणी विचारतं. माझा अंदाज सांगते. एक तर ते शहर अवाढव्य, गाडीवाचून पान हलत नाही. दुसरं, घर कुठे आणि दुकान कुठे हे ठरवणारे झोनिंगचे नियम तिथे इतर अमेरिकन शहरांसारखे नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याच्या विक्षिप्तपणाची लोकांना सवय आहे. जेफ मॅकिसॅक नावाच्या एका टपालखात्यातल्या माणसाने १९५६ पासून वीसेक वर्षं एकट्याने राबून संत्र्याच्या गौरवार्थ एक वास्तूच उभारली, 'ऑरेंज शो'. त्याच शहरात जॉन मिल्कोविश या रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी घराला बिअरच्या डब्यांचे पत्रे ठोकले, ५० हजारांहून जास्त डबे. झाकणांच्या माळा छपराला लटकतात आणि वाऱ्याने किणकिणतात. हे आपल्या सोसायटीत कुणी केलं तर पुढच्या मीटिंगचा तोच एकमेव विषय. खरं म्हणजे ते बिअरचं घर मला म्युझियमपेक्षाही आवडलं, पण ते सांगितलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात.

"मग आपल्याकडे असं काहीच नाही का?" हाही प्रश्न असतोच. आहे की. एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलेलं संग्रहालय पुण्याला नवं नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री, कुलपं जमवली, तेव्हा ती बघून लोकांनी कपाळाला हातच लावला असणार. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडायला जागा आहे ती अडीच हजारांच्या आसपास वस्तूंना. कोथरूडमध्ये बी. एस. जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तेही १९९८ सालचंच, ह्यूस्टनच्या म्युझियमनंतर दोनच महिन्यांनी उघडलेलं. कर्वेनगरात सायकलींचं आहे. पाहुणे आले की मी या तीन ठिकाणी नेते आणि शनिवारवाडा त्यांच्यावर सोपवते.

या छोट्या संग्रहालयांचं दुखणंही एकच. माणूस आहे तोवर दार उघडं. केळकरांनी हयातीतच संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, हा मला त्यांच्या जमवण्याइतकाच मोठा निर्णय वाटतो. सरकारी म्युझियम म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण राजा केळकर संग्रहालय आज उभं आहे. ह्यूस्टनला अॅन हरिथास २०२१ मध्ये गेल्या, जेम्स २०२३ मध्ये, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये आर्ट कार म्युझियम कायमचं बंद झालं. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, गाड्यांचं काय झालं? तिला माहीत नव्हतं.

तेव्हा तुमचा मुलगा तिकडे आहे आणि तुम्ही जाणारच असाल, तर म्युझियमचा पत्ता शोधू नका. एप्रिलचं तिकीट काढा. परेड एप्रिलमध्ये, शनिवारी असते. बहुतेक लोक परेड सुरू झाल्यावर येतात आणि गर्दीत डोकी बघतात. तुम्ही सकाळी लवकर जा. गाड्या निघण्याआधी अॅलन पार्कवेवर रांगेत उभ्या असतात, मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेले, आणि फिरायला मोकळीक असते. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या. आणि कुणालाही नुसतं "छान आहे" म्हणू नका. कशाने चिकटवलंय ते विचारा. तास-दीड तास सहज बोलतात.