तुळजापूरहून लगेच परत फिरू नका : नळदुर्ग, धाराशिव लेणी, तेर आणि रामलिंग

तुळजापूरला वर्षभर माणसांची रीघ असते. आईचं दर्शन होतं, कवड्यांची माळ गळ्यात पडते आणि गाड्या त्याच दिवशी सोलापूरच्या घाटाने खाली उतरतात. देवळापासून तासा-दीड तासाच्या अंतरात महाराष्ट्रातला एक अजोड किल्ला आहे, दीड हजार वर्षांची लेणी आहेत, रोमशी व्यापार करणारं गाव आहे आणि जंगलात दडलेला महादेव आहे. हे तिथे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या गावीही नसतं. आम्ही लातूरची माणसं लहानपणापासून ‘दुष्काळी भाग’ हे शब्द ऐकत आलो, आणि बाहेरच्यांनीही तेच ऐकलंय. म्हणून पुण्याहून मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि मुलं कुलदेवीला यायचं म्हणाली, तेव्हा मी अट घातली : सप्टेंबरात या आणि मुक्कामाला या.

सप्टेंबरच का, ते आधी सांगतो. कोकणात, घाटमाथ्यावर जून-जुलै म्हणजे पावसाचा भर. आमच्याकडे मृग पेरणीपुरता पडतो, मधे उघडीप देतो आणि खरा जोर पूर्वा-उत्तरा-हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, दाखवतो. धरणं भरतात ती तेव्हा. जुलैत आलात तर हिरवळ दिसेल, पण नळदुर्गचा धबधबा कोरडा असू शकतो.

नळदुर्गला आम्ही सकाळीच पोचलो. तुळजापूरहून हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. सोलापूरहून थेट येणाऱ्यांना हैदराबाद महामार्गाने पाऊण-एक तास लागतो. किल्ला गावाला लागूनच आहे, चढण नाही. गडाखाली गाडी लावून दोन तास चढायची तयारी ठेवून येणाऱ्यांना हे खरं वाटत नाही, पण मावशीसुद्धा आपल्या पायांनी सगळीकडे फिरली. बोरी नदीचं वळण आणि काळ्या दगडाचा पठारी सुळका यांचा असा काही उपयोग करून घेतलाय की तटाला एका बाजूने नदीचाच खंदक मिळाला. चालुक्यांपासून इथे वस्ती सांगतात, मग बहमनी, आदिलशाही, मुघल, निजाम. इंग्रजांकडेही तो काही वर्षं होता, १८५३ पासून. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तेव्हा इथेच राहून कारभार बघत असे.

पण नळदुर्गचं काळीज म्हणजे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीवर बंधारा घालून मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपदुर्ग जोडला, आणि त्या बंधाऱ्याच्या भिंतीतच महाल बांधला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तेव्हा तुम्ही त्या पाण्याच्या मागे, भिंतीच्या पोटात, कोरड्या खोलीत उभे असता. कमानीतून समोर पाण्याचा पडदा, अंगावर तुषार, आणि आवाज इतका की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. चारशे वर्षं हे पाणी डोक्यावरून जातंय आणि भिंत जागची हललेली नाही. महालातल्या फारसी लेखाचा आशय असा आहे की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंना अंधारी येईल. मी तिथे किती तरी वेळ उभा राहिलो. आपल्याकडे पाणी अडवा, पाणी जिरवा हे गावोगावच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. पाणी अडवून त्याचा असा उत्सव करणारी माणसं याच मातीत होऊन गेली, याचा मला फार अभिमान वाटतो.

नर आणि मादी हे इथले दोन धबधबे. ते सुरू होणं वरच्या बोरी धरणावर अवलंबून असतं. धरण भरून सांडवा वाहिला की इथे पाणी पोचतं. त्यामुळे निघण्याआधी नळदुर्गातल्या कुणाला तरी, निदान एखाद्या लॉजला किंवा हॉटेलला, फोन करून ‘सांडवा चालू आहे का?’ एवढं विचारा. गावाच्या तोंडाशी चहाला थांबलो तर टपरीवरच्या काकांनी न विचारताच सांगितलं, “कुठून आलाव? पानी चालू हाय बगा, आधी महालात जावा, मग बाकीचं.” त्यांचं ऐकलं ते बरं झालं, कारण दुपारनंतर महालाच्या पायऱ्यांवर उभं राहायलाही जागा नव्हती. रविवार टाळा. पाणी फार वाढलं की महालात सोडत नाहीत, तेव्हा रखवालदाराशी वाद घालू नका. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत.

महालानंतर उपळ्या बुरूज. उभ्या पायऱ्या आहेत, वर लांबच लांब तोफा आणि चहूकडे मोकळं शिवार. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावा. मुलांचा हात मात्र सोडू नका. पाकळ्या-पाकळ्यांचा नवबुरूजही चुकवू नका. तटावरून बोरीवरचा पूल दाखवला की मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली ती याच रस्त्याने, आणि नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. चार दिवसांनी मराठवाडा मोकळा झाला. आमच्याकडे १७ सप्टेंबरला झेंडा फडकतो तो त्यासाठी, हे पुण्यात वाढलेल्या मुलांना माहीतच नव्हतं.

किल्ला नीट बघायला चार तास हवेत. आत सावली बेताची आहे. पाणी बरोबर घ्या.

मुक्काम तुळजापूरला. लॉज आणि भक्तनिवास भरपूर आहेत, फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडा. शारदीय नवरात्रात तर पायी येणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात. तो अनुभव वेगळा आणि मोठा आहे, पण भटकंतीला ते दिवस नाहीत. दर्शन पहाटे केलं. गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ करून आत येईपर्यंत उजाडलं होतं. मावशीच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून पुढच्या सगळ्या फिरण्याला तिची आपोआप परवानगी मिळाली.

तुळजापूर ते धाराशिव जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. जुन्या पाट्यांवर अजून कुठे कुठे उस्मानाबाद दिसेल, गाव तेच. लेणी शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या एका घळीत आहेत. शहरातच पाणी, नाश्ता उरकून निघा, तिकडे काही मिळत नाही. नाश्त्याला सुशीला मागा. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर फुटाणा डाळीचं पीठ भुरभुरलेला हा पदार्थ मराठवाड्याबाहेर फारसा कुठे मिळत नाही. मावसभावाने दोन प्लेटा संपवल्या.

लेणी मोठी आहेत, पण दगड ठिसूळ. पुढचे खांब पडलेले, नक्षी झिजलेली. अजिंठा डोक्यात ठेवून येऊ नका. मोठ्या लेण्याच्या गाभाऱ्यात पार्श्वनाथ बसलेले आहेत, आणि आतला ओलसर अंधार, वटवाघळांची फडफड यांतून डोळे सरावले की मूर्ती हळूहळू दिसू लागते. टॉर्च लागतोच. अकराव्या शतकातल्या एका जैन मुनींच्या अपभ्रंश काव्यात या लेण्याची कथा येते : करकंडू राजाला मूर्तीच्या सिंहासनावर एक गाठ दिसली, ती फोडली आणि आतून पाण्याचा लोट उसळून लेणं भरून गेलं. पावसाळ्यात आत पाणी झिरपताना बघितलं की ही कथा कुठून आली असेल याचा अंदाज येतो. एकट्या-दुकट्याने संध्याकाळी जाऊ नये. घळ अगदी निर्मनुष्य असते.

त्या काव्यातलं तेरापूर म्हणजेच तेर. धाराशिवपासून वीसेक किलोमीटर, तेरणेच्या काठी. लोक तेरला गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, समाधीसाठी जातात, चैत्र वद्यात यात्रा भरते. नदीकाठचं समाधी मंदिर शांत आहे. पण तिथूनच परत फिरू नका. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव तगर नावाने परदेशी व्यापाऱ्यांना माहीत होतं. एका ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून कापड भडोचच्या बंदराला जातं. त्या व्यापाराच्या खुणा रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून, शिवारातून गोळा केल्या आणि शासनाच्या हाती दिल्या. त्यांच्याच नावाचं संग्रहालय तेरमध्ये आहे. मणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला. इथेच सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीच्या जातकुळीतली आहे. एका माणसाने पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीतून, पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू वेचून एवढं उभं केलं, यापुढे आपण काय बोलणार! सोमवारी शासकीय संग्रहालयं बहुधा बंद असतात, तेव्हा तेरचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका.

संग्रहालयानंतर गल्लीबोळातून चालत त्रिविक्रम मंदिरात जा. हे विटांचं देऊळ आहे, मागची बाजू अर्धगोल आणि वर पालथ्या नावेच्या आकाराचं छप्पर, बौद्ध चैत्यासारखं. एवढ्या जुन्या विटांची इमारत पूजेत असलेली क्वचितच बघायला मिळते. आत एक पाय आकाशात उचललेला त्रिविक्रम. पुजारीबाईंनी मावशीला बसवून घेतलं, ओटीत नारळ घातला आणि गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने तपासून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट सांगितली. मावशीला ती पाठ होती, पण गोरोबांच्या गावात बसून ऐकताना तिचे डोळे भरून आले. गावात चांगलं हॉटेल शोधत बसू नका. जेवण धाराशिवला किंवा येडशीला.

येडशी रामलिंग अभयारण्य परतीच्या वाटेवर पडतं. रस्त्यावरून खाली दरीत उतरलं की झाडीत महादेवाचं देऊळ, शेजारी ओढा आणि पावसात कड्यावरून पडणारं पाणी. रामाने इथे लिंग स्थापलं आणि जटायू इथेच पडला असं लोक मानतात. माकडं फार धीट आहेत, प्रसादाची पिशवी, पाण्याची बाटली, चष्मा सांभाळा आणि त्यांना काही खायला घालू नका. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, इतर दिवशी मोरांचे आवाज ऐकू येतात. जंगल लहान आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ इथे मुक्कामाला होता. अंधार पडायच्या आत वर या, आणि प्लास्टिक ओढ्यात टाकणाऱ्याला तिथल्या तिथे हटका. आम्ही हटकलं, आणि त्या पोरांनी मुकाट्याने उचललंही.

आता जाण्या-येण्याचं. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, कारण लेणी आणि रामलिंगला एसटीच्या भरवशावर दिवस जातो. एसटीने यायचं तर सोलापूर–तुळजापूर, तुळजापूर–नळदुर्ग आणि धाराशिव–तेर या गाड्या सोयीच्या आहेत. तेरला रेल्वे स्टेशनही आहे, लातूर–कुर्डुवाडी मार्गावर. एके काळी हीच बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. दोन मुक्कामांत हे सगळं निवांत होतं, एकात धावपळ. तुळजापूरहून लातूरकडे जाणार असाल तर वाटेत औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी प्या. आणि गावाकडे न्यायला कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा. ऑक्टोबरात आलात तर रस्त्याकडेला बालाघाटातली सीताफळं टोपल्यांनी विकायला असतात.

पावसाळा जमत नसेल तर मार्गशीर्षातली अमावास्या धरा. लातूर-धाराशिवकडे ती वेळ अमावस्या, बोलीत येळवस. धबधबे नसतात, पण ज्वारी कमरेच्या वर आलेली असते आणि सगळा भाग शेतात जेवायला जातो. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या भांड्यातलं आंबील. ओळख नसली तरी बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. फक्त त्या दिवशी लातूरची बाजारपेठ ओस पडलेली असते, तेव्हा पेट्रोल आणि औषधं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.