लातूर ते गुवाहाटी: पीएचडीसाठी ईशान्येला निघणाऱ्यांसाठी

आयआयटी गुवाहाटीत पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरात पहिली चर्चा थंडीची झाली आणि दुसरी सुरक्षिततेची. दोन्ही काळज्या मायेपोटीच होत्या, पण तयारी भलत्याच गोष्टींची चालली होती. गुवाहाटी हे डोंगरमाथ्यावरचं नव्हे, नदीकाठचं शहर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे थंडी आपल्या लातूरइतकीच. मराठवाड्यातून जाणाऱ्याला अंगवळणी पाडून घ्यावा लागतो तो ओलावा आणि लवकर मावळणारा सूर्य. हे आधी कळलं तर सामानही वेगळं भराल आणि मनही वेगळं तयार कराल, म्हणून हा वृत्तांत.

सुरुवात कागदपत्रांपासून, कारण गावी करायचं काम तिथे बसून होत नाही. आरक्षणातून प्रवेश घेणार असाल तर राज्याचा ओबीसी दाखला चालत नाही, केंद्रीय नमुन्यातलाच लागतो आणि नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीचं लागतं. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, तेवढं आधी तपासा. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा लागतो, त्यामुळे मार्चमध्ये काढून ठेवलेला जुलैत उपयोगी पडत नाही. एप्रिल उजाडला की सेवा केंद्र आणि तहसील गाठा. विद्यापीठाच्या मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्जही निकालाच्या दिवशीच करा. संशोधनवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आहे, पण पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत फी, मेस आणि खोलीतल्या सामानाचा खर्च आपल्यालाच करायचा असतो. निदान दोन महिन्यांची सोय करूनच निघा.

विमानाने मुंबईहून गुवाहाटी तीन तासांच्या आसपास. तरी पहिल्यांदा जाताना जमलं तर रेल्वेनेच जा, असं मी मनापासून सांगेन. सामान भरपूर नेता येतं हे एक कारण, आणि आपण किती दूर आलो हे शरीराला हळूहळू समजतं हे दुसरं. मी लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला आले, एक दिवस नातेवाइकांकडे थांबले आणि कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गुवाहाटीची गाडी धरली. हा मधला दिवस ठेवाच. लातूरची गाडी उशिरा आली तर पुढचं आरक्षण हातचं जातं, आणि ईशान्येच्या गाड्यांना लगेच दुसरं तिकीट मिळत नाही. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, त्यामुळे प्रवेशाची तारीख कळताच तिकीट काढा. २२ जूनच्या सुमारास कामाख्या मंदिरात अंबुबाची मेळा भरतो. देशभरातून भाविक येतात, गाड्या आणि लॉज भरून जातात. त्या आठवड्यात पोहोचायचं टाळता आलं तर टाळा.

प्रवास दोन दिवसांहून अधिकचा आहे. भुसावळ, इटारसी, जबलपूरपर्यंत बाहेरचा मुलूख ओळखीचा वाटतो. बिहार ओलांडून न्यू जलपाईगुडी आलं की रंग पालटतो. इथेच तो सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा लागतो, अरुंद जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद. सारी ईशान्य भारताची रेल्वे त्यातूनच पुढे जाते. जुलैत बिहार-बंगालमध्ये पूर असेल तर गाडी रखडते, म्हणून पाणी आणि कोरडं खाणं एका दिवसाचं जास्तीचं ठेवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग इतकं बरोबर असलं की निभावतं.

गाडी रंगियामार्गे असेल तर शेवटी सराईघाटचा पूल येतो. १९६२ मध्ये ब्रह्मपुत्रेवरून पहिली रेल्वे गेली ती याच पुलावरून. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून जलदूत रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते. घागरी, टँकरच्या रांगा, नळाला आठवड्या-आठवड्यांनी येणारं पाणी, हे सगळं पाहिलेल्या माणसाला भर पावसाळ्यातली ब्रह्मपुत्रा पहिल्यांदा पाहताना काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. दरवाजाशी गर्दी करू नका, खिडकीशी बसा आणि पाहा.

हाच तो घाट जिथे १६७१ मध्ये लाचित बरफुकन यांच्या हाताखालच्या, आसामवर राज्य करणाऱ्या अहोमांच्या आरमाराने मोगलांना हरवलं. नदी इथे आक्रसून सव्वा किलोमीटरच्या आसपास होते, त्यामुळे मोगलांच्या मोठ्या आरमाराला पसरायला जागाच उरली नाही. मोगलांचा सेनापती होता आमेरचा रामसिंह, म्हणजे पुरंदरचा तह करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा. आग्र्यात शिवाजी महाराजांची जबाबदारी याच रामसिंहावर होती. महाराज निसटल्यावर बादशहाची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली आणि पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर धाडलं गेलं. खडकवासल्याच्या एनडीएत सर्वोत्तम छात्राला दिलं जाणारं सुवर्णपदक लाचित यांच्याच नावाचं आहे. तिथे ओळख होताना हे माहीत असू द्या. आसामी माणसाला शिवाजी महाराज माहीत असतात. आपल्यालाही लाचित माहीत असावेत.

संस्था १९९४ ची, नदीच्या उत्तर तीरावर. स्टेशन आणि विमानतळ दोन्ही दक्षिण तीरावर. गाडी कामाख्या जंक्शनला थांबत असेल तर तिथेच उतरा, गुवाहाटी स्टेशनपर्यंत जाऊ नका. कामाख्याहून जालुकबाडी आणि पूल जवळ पडतो. गाडी भाड्याने घेताना ‘नॉर्थ गुवाहाटी, आयआयटी’ असं स्पष्ट सांगून भाडं आधी ठरवा. आवारात टेकड्या आणि तळी आहेत, हिवाळ्यात पाखरं येतात, आणि वसतिगृहांना ईशान्येतल्या नद्यांची नावं आहेत: मानस, कपिली, सुबनसिरी, लोहित. आवार इतकं सुंदर आहे की बाहेर पडावंसं वाटत नाही, आणि नेमकं तेच टाळायला हवं. पहिल्या महिन्यातच फॅन्सी बाजारला जा. मच्छरदाणी, चादर, छत्री, बादली सगळं तिथे मिळतं, लातूरहून ओझं वाहू नका. नदी ओलांडायला फेरीबोट हा सुंदर मार्ग आहे, पण लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. पाणी चढलेलं असताना फेरी बंद ठेवतात, त्या वेळी कुरकुर न करता पुलावरून जा. जोराचा पाऊस झाला की अनिल नगर, झू रोड या भागांत पाणी भरतं, तिकडची कामं पुढे ढकला.

आता ओलावा. पाऊस लातूरच्या साधारण दुप्पट, आणि तो एप्रिलमध्येच वादळी सरींनी सुरू होतो. कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्याला, बुटांना, पुस्तकांच्या कडांना बुरशी येते. मूळ गुणपत्रिका आणि दाखले हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि सगळ्यांच्या स्कॅन प्रती आधीच करून ठेवा. जीन्स कमी, पटकन वाळणारे सुती कपडे जास्त. ऊन पडेल त्या दिवशी गादी बाहेर काढायचीच, मग प्रयोगशाळेत कितीही काम असो. मच्छरदाणी बारा महिने लावा. मलेरिया आणि जपानी मेंदुज्वर हे इथले खरे आजार आहेत. टेकड्यांवर पावसात जळवा असतात, पायमोजे उंच घाला.

उजेडाचं मात्र कोणी आधी सांगत नाही. लातूरच्या मानाने इथे सूर्य तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. जूनमध्ये साडेचारला उजाडतं. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला दिवे लागतात. चहाच्या मळ्यांत तर घड्याळ तासभर पुढे लावून ‘बागान टाइम’ पाळतात. कार्यालयं मात्र भारतीय प्रमाणवेळेने चालतात. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळ अंगावर येते, घर फार आठवतं, काम संपण्याआधीच दिवस संपल्यासारखा वाटतो. यावर एकच उपाय मला लागू पडला: लवकर झोपून पाचला उठणं आणि अवघड वाचन सकाळी उरकणं. अनेक मुलं इथे उलट करतात, रात्रभर जागून दुपारी उठतात, आणि हिवाळ्यात त्यांना दिवसाचं तोंडच दिसत नाही. खचल्यासारखं वाटलं तर समुपदेशकाकडे जा, मैत्रिणीला सांगा, अंगावर काढू नका.

जेवण भात-मसूर डाळ-भाजीचं, मोहरीच्या तेलातलं. भाकरीची आठवण येणारच. ज्वारीचं पीठ दमटपणात टिकत नाही, थोडंच न्या. काळा मसाला आणि कूट पुरेसं न्या. आमसुलासाठी अडू नका: तिथलं वाळवलेलं ‘ठेकेरा’ कोकमाच्याच कुळातलं आहे, आमटी छान होते. सकाळी दही, चिरा (म्हणजे पोहे) आणि गूळ खाऊन पाहा. कोणाच्या घरी गेलात की तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान, पुढे येईल. तो मान आहे, हात जोडून घ्या, पण कच्ची सुपारी सवय नसताना खाल्ली तर घाम फुटून गरगरतं, म्हणून नुसती हातात ठेवली तरी चालतं. मोठ्या बाईंना ‘बाइदेउ’ आणि पुरुषांना ‘दादा’ म्हणा.

भूकंप जाणवतात. २८ एप्रिल २०२१ ला शोणितपूरकडे ६.४ तीव्रतेचा झाला होता. किल्लारीच्या १९९३ च्या आठवणी ऐकत वाढलेल्या आम्हा लातूरकरांना पहिला हलका धक्काही फार मोठा वाटतो. पलंगाच्या वर ट्रंक, पुस्तकांचे गठ्ठे ठेवू नका. बॅटरी आणि चपला उशाशी असू द्या.

मेघालयात फिरायला परवाना लागत नाही, शिलाँग शंभर किलोमीटरवर आहे. अरुणाचल, नागालँड, मिझोरम आणि मणिपूरला मात्र इनर लाइन परमिट आधी काढावं लागतं.

घरी येण्याचा बेत एप्रिलमध्ये असेल तर रोंगाली बिहू हा आसामी नववर्षाचा सण उरकूनच या. पहिल्या दिवशी गोरू बिहू: गाईगुरांना नदीवर नेऊन हळद आणि उडदाच्या वाटणाने घासतात, दुधी आणि वांगी खाऊ घालतात, नवी दावी बांधतात. आपल्या पोळ्याची आठवण येते. वसतिगृहात कामाला येणाऱ्या एका बाइदेउंनी मला त्यांच्या गावी नेलं होतं. कोणी बोलावलं तर संकोच करू नका, वडीलधाऱ्यांसाठी एखादा गामोसा (मान म्हणून देतात ते आसामी उपरणं) घ्या आणि जा.