तुम्ही विचारलंत म्हणून: गेटिसबर्गला पुन्हा पुन्हा का जाते

भारतातून कुणीही आलं की आधी नायगारा होतो, मग न्यूयॉर्क, मग वॉशिंग्टन. त्यातून एखादा दिवस उरला की मी पाहुण्यांना पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला नेते. "तिथे काय आहे?" हे जाताना सगळेच विचारतात. मामा, तुम्ही मात्र परतताना विचारलंत. गाडीत मामीचा डोळा लागला होता आणि तुम्ही हळूच म्हणालात, "लढाई त्यांची, मेलेले त्यांचे. तू इतक्या वेळा का येतेस गं इथे?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. हाच प्रश्न मैत्रिणींनी विचारलाय, इथल्या मराठी मंडळातही विचारलाय. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहिते.

गाव लहान आहे, ते तुम्ही पाहिलंतच. वस्ती जेमतेम सात हजार. रस्त्याला लागून विटांची जुनी घरं, मधोमध गोल चौक, गावाबाहेर पडलं की सफरचंदांच्या बागा. सॅम्युअल गेटिस नावाच्या माणसाने १७६१च्या सुमारास इथे वाटसरूंसाठी खाणावळ काढली. तारीख ऐकून तुम्ही चमकला होतात. आपल्याकडे ते पानिपताचं साल. पुढे १७८६मध्ये त्याच्या मुलाने, जेम्सने, २१० भूखंड पाडून गाव वसवलं. घोडागाड्या बनवणारे, कातडी कमावणारे, चांभार, वकील, एक लुथेरन सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, आणि एक कॉलेज, असं ते गाव. दहा रस्ते इथे येऊन मिळतात. लढाई इथेच व्हावी असं कुणी ठरवलं नव्हतं. एकमेकींच्या शोधात निघालेल्या दोन फौजा त्या रस्त्यांनी आल्या आणि १ जुलै १८६३च्या सकाळी गावाच्या पश्चिमेला समोरासमोर उभ्या ठाकल्या.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या त्या लढाईचं मी थोडक्यातच सांगते, कारण तुम्ही नकाशासमोर उभं राहून ती माझ्यापेक्षा चांगली समजून घेतलीत. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेची फौज रॉबर्ट ली याच्या हाताखाली, उत्तरेची जॉर्ज मीडच्या. दोन्ही मिळून सुमारे १,६५,००० माणसं, आणि गावची वस्ती २,४००. पहिल्या दिवशी उत्तरेची फौज गावातल्या गल्ल्यांतून मागे हटत दक्षिणेकडच्या स्मशान टेकडीवर गेली. गाव शत्रूच्या ताब्यात गेलं, लोक तळघरांत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचे बारा हजारांवर सैनिक उघड्या शेतातून चालत त्या टेकडीच्या रांगेवर चढून आले आणि अर्धेअधिक गारद झाले. ४ जुलैला पाऊस कोसळला. त्या पावसात लीने माघार घेतली, काही दिवसांत मीडही त्याच्या मागावर निघून गेला. मेलेले, जखमी, पकडलेले, हरवलेले धरून आकडा ५१,००० च्या घरात जातो.

मला ओढ आहे ती ५ जुलैनंतरच्या गावाची.

जरा डोळ्यांसमोर आणा. गावात २,४०० माणसं, आणि मागे सोडलेले जखमी सुमारे २१,०००. सात हजारांवर मृतदेह, बरेचसे वीतभर मातीखाली, काही तसेच उघड्यावर. त्यात मेलेले हजारो घोडे. जुलैचा उकाडा. विहिरी आटल्या, कुंपणाची लाकडं फौजांनी जाळून टाकलेली, उभी पिकं तुडवलेली. प्रत्येक चर्च, शाळा, कोर्ट, धान्याचं कोठार म्हणजे दवाखाना. जखमींचं रक्त गाद्यागालिच्यांत मुरलेलं. वासामुळे लोक खिडक्या उघडत नसत. बाहेर पडताना पुदिन्याच्या तेलाची बाटली नाकाशी धरत. तीन दिवसांची लढाई संपली होती, पण महिनोन् महिने त्या गावाला घरचं कामच करता आलं नाही. पूर्वेच्या रस्त्यावर तंबूंचा मोठा दवाखाना उभा राहिला, तो नोव्हेंबरपर्यंत चालला.

जेनी वेडचं घर तुम्ही पाहिलंत. वीस वर्षांची मुलगी, बाळंतीण बहिणीकडे राहायला आलेली. ३ जुलैला सकाळी पावाची कणीक मळत असताना दोन दारं भेदून गोळी आली आणि ती जागच्या जागी गेली. लढाईत थेट मारली गेलेली गावची ती एकटीच. तिच्याबद्दल पुष्कळांना माहीत असतं. मामीला जी जास्त भावली, ती एलिझाबेथ थॉर्न. गावच्या जुन्या स्मशानभूमीच्या दरवाजाच्या इमारतीत तिचं घर. नवरा रखवालदार, पण तो उत्तरेच्या फौजेत दूर कुठेतरी. पोटात सहा महिन्यांचं मूल. लढाई संपल्यावर घरी परतली तर घरात चीजवस्त उरलेली नव्हती. त्या अवस्थेत, म्हाताऱ्या वडिलांना हाताशी घेऊन, तिने खडकाळ जमिनीत सैनिकांच्या शंभराच्या आसपास कबरी खणल्या. त्याची जास्तीची मजुरी तिला मिळाली नाही. २००२मध्ये तिचा पुतळा उभारला: सोबत फावडं, एक हात पोटावर, जरा टेकून उभी, घाम पुसणारी. मामी त्या पुतळ्यापाशी उभी राहून म्हणाली होती, "हिला कुणी पाणी तरी दिलं असेल का गं?" मी इतक्यांदा गेले, माझ्या मनात हा प्रश्न कधी आला नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. आजोळी सुट्टीत अंगणात झोपायचो तेव्हा पानिपतचा तो निरोप तुम्हीच आम्हाला सांगायचात. दोन मोती गळाली, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याला गणती नाही. दोन मोत्यांची नावं आम्हाला पाठ होती, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मी एकदा विचारलं होतं, "मामा, खुर्दा म्हणजे कोण?" तुम्ही म्हणालात, "आपल्यासारखी माणसं." ते मी विसरले नाही. गेटिसबर्गच्या स्मशानभूमीत पहिल्यांदा गेले, तेव्हा तीच आठवण आली, कारण तिथे खुर्दा मोजायला घेतलेला दिसला.

डेव्हिड विल्स हा गावचा तरुण वकील. डुकरं उथळ कबरी उकरतात हे पाहून त्याने राज्याच्या गव्हर्नरकडे लकडा लावला आणि टेकडीवर १७ एकर जागा घेतली. विल्यम सॉन्डर्स हा सरकारी कृषिखात्यातला बागकाम जाणणारा. त्याने अर्धवर्तुळाकार आखणी केली, राज्यवार गट पाडले. माझ्या मते त्याने घेतलेला सगळ्यांत मोठा निर्णय असा, की हुद्द्याप्रमाणे रांगा ठेवल्या नाहीत. अधिकाऱ्याच्या शेजारी साधा शिपाई, दगड सारख्याच मापाचे. १८६३मध्ये असा विचार करणं सोपं नव्हतं.

मग ऑक्टोबरच्या शेवटी उकरणं सुरू झालं. देखरेखीला सॅम्युअल वीव्हर. तो स्वतः प्रत्येक मृतदेहाजवळ हजर राही, लोखंडी आकड्याने खिसे तपासे. पत्र, फोटो, बायबलवर लिहिलेलं नाव, काहीही चालायचं. नाव सापडलं नाही तर निदान कपड्यांवरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवायचं. मार्च १८६४पर्यंत त्याने ३,३५४ मृतदेहांची नोंद केली.

आणि प्रत्यक्ष उकरत कोण होतं? बेसिल बिग्ज आणि त्याची माणसं. हे नाव मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, आठवतंय? बिग्ज गुलामगिरी असलेल्या शेजारच्या मेरीलँड राज्याचा, कृष्णवर्णीय, पण स्वतंत्र. मुलांना शिकता यावं म्हणून १८५८मध्ये सीमा ओलांडून इथे आलेला शेतकरी, जनावरांवर औषधपाणी करणारा. लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा वाटेत सापडतील त्या काळ्या माणसांना, जन्मापासून स्वतंत्र असलेल्यांनाही, पकडून दक्षिणेत गुलामीत धाडत होती. त्यामुळे गावातल्या काळ्या कुटुंबांनी आधीच घरं सोडली होती. बिग्ज परतला तेव्हा त्याच्या शेताचा दक्षिणेच्या फौजेने दवाखाना केला होता, पिकांची नासाडी झाली होती आणि शेतात त्यांची माणसं पुरलेली होती. पलीकडच्या टेकडीवर अब्राहम ब्रायन या दुसऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं १२ एकरांचं रान. तिसऱ्या दिवशीचा हल्ला त्याच्या गोठ्यापर्यंत आला होता. त्याने हजार डॉलरहून अधिक नुकसान मांडलं, हाती पडले १५ डॉलर. अशा परिस्थितीत बिग्जने ते काम घेतलं. दोन घोड्यांच्या गाडीत एका वेळी नऊ शवपेट्या घालून त्याची माणसं त्या टेकडीवर जात राहिली.

ते काम अर्धवट असतानाच १९ नोव्हेंबरला लिंकन आले. आदल्या रात्री चौकातल्या विल्सच्या घरीच मुक्काम केला. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन दोन-तीन मिनिटं, पावणेतीनशेच्या आसपास शब्द. त्या भाषणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी वेगळं काय सांगणार? एवढंच, की त्यांनी एकाही सेनापतीचं नाव घेतलं नाही. समोर निम्म्याहून जास्त कबरी अजून भरायच्या होत्या.

आता जे खुपतं तेही सांगते, नाहीतर उत्तर अर्धं राहील. त्या स्मशानभूमीत फक्त उत्तरेचे सैनिक घेतले. दक्षिणेचे तसेच शेतांतल्या खड्ड्यांत राहिले. सॅम्युअल वीव्हरचा डॉक्टर झालेला मुलगा रूफस, त्याने १८७१ ते १८७३मध्ये त्यांतले ३,३०० च्या वर सांगाडे काढून, पेट्यांत भरून दक्षिणेत पाठवले. ठरलेले पैसे त्याला पूर्ण मिळाले नाहीत. शत्रूच्या मुलांची हाडं नीट लावून देणं हे त्याने अंगावर घेतलं, याचं मला फार वाटतं.

पण सगळ्यांत जास्त खुपते ती गावाच्या पश्चिमेकडची लहानशी लिंकन सिमेट्री. उत्तरेसाठी लढलेल्या गावच्या काळ्या सैनिकांपैकी बहुतेकांना टेकडीवरच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा मिळाली नाही. त्यांच्यासाठी तिथल्या कृष्णवर्णीय मंडळींनी १८६७मध्ये वेगळी जागा घेतली. त्यात बिग्जचा पुढाकार होता. तोही तिथेच आहे. ज्याने हजारोंना टेकडीवर पोचवलं, तो स्वतः या गल्लीतल्या कुंपणाआड. म्हणून मी प्रत्येक पाहुण्याला आधी इथे नेते, मग टेकडीवर. तुम्ही विचारलं होतंत की इथे पर्यटकांची एकही बस का थांबत नाही. मला तेच दाखवायचं होतं.

गावाचा स्वभाव म्हणाल तर तो या सगळ्यातून घडला. रणभूमीचे सहा हजार एकर आणि तेराशेवर स्मारकं अंगाखांद्यावर घेऊन राहणारं गाव आहे ते. १८६३मध्ये उभ्या असलेल्या घरांवर तशी पितळी पाटी दिसते, भिंतींत गोळ्यांची भोकं जपलेली दिसतात. परवानाधारक वाटाडे कठीण परीक्षा देऊन तयार होतात आणि तुमच्याच गाडीचं चाक हातात घेऊन दिवसभर बोलतात. भुतांच्या फेऱ्याही निघतात. मला त्या आवडत नाहीत, मेलेल्यांची नावं माहीत असताना त्यांची भुतं कशाला करायची. रणभूमीच्या डोक्यावर उभारलेला ३०० फुटांहून उंच मनोरा ३ जुलै २०००ला पाडला. जुगारगृह काढायचे प्रस्ताव आले, त्यांतले दोन राज्याच्या मंडळाने नाकारले, आणि त्याआधी गावात दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले. पर्यटकांवर पोट आहे आणि पर्यटकांपासून जागा वाचवायचीही आहे, या ओढाताणीत गाव जगतं.

तुम्हाला नेहरूंचं सांगायचं राहिलं. गावाला लागूनच अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं शेत आहे. डिसेंबर १९५६मध्ये ते नेहरूंना तिथे घेऊन आले, रात्रीचा मुक्काम झाला, तासन् तास बोलणं झालं. तेव्हा आपलं काहीच नाही असंही नाही.

दर नोव्हेंबरात एका शनिवारी संध्याकाळी राष्ट्रीय स्मशानभूमीत प्रत्येक कबरीपाशी कागदी पिशवीत एक मेणबत्ती ठेवतात, साडेतीन हजारांहून जास्त. नावं वाचली जातात. थंडीत लोक गुपचूप उभे असतात. निनावी असलेल्या ९७९ जणांना नावाचा दगड नाही. जमिनीलगत संगमरवराचा छोटा चौकोन आणि त्यावर फक्त क्रमांक. मेणबत्ती त्यांनाही असते.

त्या दिवशी तुम्ही तिथेच खाली बसला होतात, गुडघे दुखत असूनही. चष्मा पुसून एका चौकोनावरचा आकडा मोठ्याने वाचलात. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मामी गाडीपाशी उभी राहून हाका मारत होती, अंधार पडायला आला होता, पण ती एक रांग संपेपर्यंत तुम्ही उठला नाहीत.